सहा छेद पंच्याहत्तर

टॅमरॅक फॉल्समध्ये कुणालाही पत्ता विचारला तरी उत्तरात अपघात येतोच. अपघातापाशी डावीकडे वळा, अपघाताच्या अलीकडे गाडी लावा, अपघातासमोरच्या बेकरीतला पाव चांगला असतो. नवखा माणूस गाडीच्या काचा वर करून घेतो. मिनेसोटातल्या एवढ्याशा गावात कोपऱ्याकोपऱ्यावर रक्तपात चालू आहे अशी त्याची समजूत होते.

वस्तुतः अपघात हे एक शिल्प आहे. डेक्स्टर क्विलन नावाच्या शिल्पकाराने ते केलं. हा गृहस्थ महायुद्धात जहाजांच्या गोदीत पोलादाला पोलाद जोडत असे. युद्ध संपलं, पण त्याचा हात काही थांबेना, आणि पुढे लोक त्यालाच कला म्हणू लागले. बँकेसमोरच्या हिरवळीवर त्याने चार काळे पोलादी तुकडे आणि एक नारिंगी तुकडा एकमेकांच्या अंगावर कलते करून उभे केले आणि त्याला ‘अंतराल, क्रमांक चार’ असं नाव दिलं. गावाने ते नाव सभ्यपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘अपघात’ म्हणायला सुरुवात केली. आगगाडीने नांगराला उडवलं की असंच दिसतं, असं आसपासच्या शेतकऱ्यांचं मत होतं, आणि त्यांनी नांगरही पाहिले होते आणि आगगाड्याही.

या शिल्पासाठी गावातल्या पंच्याहत्तर कुटुंबांनी वर्गणी भरली होती. त्यांचे आभार मानायचे म्हणून क्विलनने एक चित्र केलं. जाळीवरून रंग ओढून कागदावर उतरवतात त्या जातीचं, म्हणजे स्क्रीनप्रिंट. तेच चार काळे तुकडे, तोच एक नारिंगी, फक्त यावर पाय अडखळून कुणी पडण्याची भीती नव्हती. प्रत्येक वर्गणीदाराला एक प्रत, पुठ्ठ्याच्या नळकांड्यात गुंडाळलेली. शिल्पाचं उद्घाटन झालं त्या ऑक्टोबरात ही नळकांडी बँकेत एका पिंपात उभी करून ठेवली होती. ज्याने त्याने यावं, एक उचलावं, कॉफी प्यावी आणि घरी जावं.

वेंडेल अमुंडसनने जे उचललं त्यातल्या चित्राखाली, डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलं होतं ६/७५. आणि वेंडेल आणि मार्लीसचं लग्न झालं होतं त्याच वर्षी, १९७५च्या जूनमध्ये.

त्या ऑक्टोबरात मार्लीसचं मन जरा डळमळीत होतं, हे इथे सांगायला हवं. वेंडेल विमा कंपनीत होता. गारपीट झाली की लोकांच्या छपरांवर चढायचं आणि खळगा गारेचा आहे की मालकाच्या हातोडीचा, हे ठरवायचं, असं त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या परगण्यात कुणी नव्हता. पण मधुचंद्राला गेल्यावरही तो हॉटेलच्या छपरावर चढला होता, आणि मार्लीस खाली अंगणात, नवा फ्रॉक घालून, शिडी धरून उभी होती. लग्नाआधी तिला चर्चच्या गायकवृंदातला एक तरुणही विचारून गेला होता. त्याचा आवाज फार गोड होता आणि त्याला उंचीची भीती वाटत असे. शिडी धरल्या धरल्या मार्लीसला त्याची आठवण आली नसेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

तर वेंडेलने जेवणाच्या टेबलावर ते चित्र उलगडलं. मार्लीसने काळ्या-नारिंगी तुकड्यांकडे पाहून घेतलं, मग कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं, आणि ती बराच वेळ पाहतच राहिली. शेवटी म्हणाली, “हे तर आपलंच आहे.” सोफ्याच्या वर ते चित्र लागलं, आणि गेली पन्नास वर्षं घरात येणाऱ्या प्रत्येकाला, नळ दुरुस्त करायला येणाऱ्यांनासुद्धा, मार्लीस तेच सांगत आली: शहाण्या माणसाला एकदा खूण पटावी लागते, मला त्या दिवशी पटली, आपली निवड चुकलेली नाही.

विम्यातला माणूस दैवावर विश्वास ठेवत नाही. पण या एका बाबतीत वेंडेलने दैवाला सवलत दिली होती.

गावात आणखीही काही घरांत हे चित्र लागलेलं होतं. बँकरच्या बायकोकडे, लेनोर बँगर्टकडे, १/७५ होतं. तेव्हापासून दर एक जानेवारीला मेजवानी देण्याची जबाबदारी आपलीच, असं तिने धरून ठेवलं होतं. दंतवैद्याकडे एप्रिल होता, जुन्या पाद्रीबाबांकडे डिसेंबर, आणि त्याचा त्यांना अंमळ अभिमानही होता. क्विलनने महिन्याला एक याप्रमाणे वर्षभर चित्रं काढली, हे गावात सर्वमान्य होतं. बाराही चित्रं एकसारखी कशी, असं एका पाहुण्याने विचारलं तेव्हा क्विलन माणूसच हट्टी होता असं त्याला सांगण्यात आलं. ऑक्टोबरात वाटलेल्या चित्रावर डिसेंबर कसा, अशीही शंका कुणीतरी काढली होती. पण मासिकंसुद्धा पुढच्या महिन्याची तारीख घालून आधीच येतात, असं सांगून ती मिटवण्यात आली. राहता राहिली बाकीच्या त्रेसष्ट कुटुंबांची चित्रं. ती कुठे भिंतीवर दिसत नसत. त्या घरांना कलेची आवड नसेल, असं म्हणून तो विषय कधीच संपला होता.

आणि मग, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस तोंडावर आला असताना, चित्राच्या काचेआड एक माशी दिसली.

ती तिथे कशी गेली आणि केव्हा मेली हे सांगता येत नाही. नारिंगी तुकड्याच्या बरोबर मधोमध ती पाय वर करून पडली होती. वाढदिवसाची पार्टी पुढच्या आठवड्यात शनिवारी चर्चच्या तळघरात होती, हॅमची सँडविचेस आणि लिंबाच्या वड्या ठरल्या होत्या, आणि चित्र तिथे नेऊन केकच्या मागे लावायचं हेही ठरलं होतं. मार्लीसने वेंडेलला एवढंच सांगितलं की जाता जाता ती माशी काढून आण. यापेक्षा छोटं काम कुणी कुणाला सांगितलं नसेल.

चित्रांना चौकटी बसवणारं गावातलं एकमेव दुकान रँडॉल्फ पिक्सलीचं. जनावरांच्या दवाखान्याला लागून आहे. पिक्सली तरुणपणी एक हिवाळा न्यूयॉर्कला राहून आला होता, आणि त्या हिवाळ्यातून तो अजून बाहेर आलेला नव्हता. भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर असे. त्याने चित्र टेबलावर आडवं ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला की सहावी प्रत म्हणजे बरीच सुरुवातीची, रंग छान बसलाय.

“जून,” वेंडेल म्हणाला.

“काय जून?”

“सहा छेद पंच्याहत्तर. जून पंच्याहत्तर. आमचं लग्न.”

पिक्सलीने चष्मा खाली घेतला. अडाणी माणसाला समजावून सांगण्याचे प्रसंग या गावात त्याला रोज येत, आणि तो ते दुःख चवीने सोसत असे. त्याने सांगितलं की छापील चित्राखाली असं लिहायची पद्धतच आहे. एकूण प्रती पंच्याहत्तर, त्यातली ही सहावी. महिन्याचा काही संबंध नाही.

वेंडेल समजूतदारपणे हसला. लोक हातोडीच्या खळग्याला गार म्हणत तेव्हा तो असाच हसायचा. मग त्याने उलटतपासणी सुरू केली. सात छेद पंच्याहत्तर म्हणजे? सातवी प्रत. आणि बारा? बारावी.

“आणि तेरा?”

“तेरावी,” पिक्सली म्हणाला.

वेंडेल थांबला. आपण मोठ्या ऐटीत ज्या रस्त्याने निघालो होतो तो रस्ता डिसेंबरला संपतो, हे त्याच्या ध्यानात आलं. उभं आयुष्य ज्याने हजारो छपरांवरचा एकेक खळगा वाचला, त्याने आपल्या सोफ्यावरचा आकडा पन्नास वर्षं चुकीचा वाचला होता. पिक्सलीने त्याला खुर्ची दिली. शेजारच्या दवाखान्यात एक कुत्रं केविलवाणं ओरडत होतं, आणि वेंडेलला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

“हे बायकोला सांगायची गरज नाही,” तो म्हणाला. “माशी काढा आणि द्या.”

पण माशीही काढता येणार नव्हती. पिक्सलीने गावाच्या वारसा समितीचा नियम दाखवला. क्विलनच्या गावातल्या कोणत्याही कृतीला हात लावण्याआधी समितीपुढे जाहीर सुनावणी झाली पाहिजे. काही वर्षांपूर्वी शाळेच्या हॉकी संघाने अपघाताला हिरवा रंग फासला, तेव्हा हा नियम झाला होता. तेव्हाच्या समितीत वेंडेल स्वतः होता. ‘कोणत्याही’ हा शब्द त्याच्याच आग्रहाने घातला गेला होता. विम्यातल्या माणसाचा ‘कोणत्याही’वर फार जीव असतो.

नगरपालिकेत गेल्यावर खिडकीतल्या बाईंनी त्याचं अगदी मनापासून स्वागत केलं. त्या खिडकीत काम होत नाही, पण स्वागत होतं. सुनावणी पुढच्या गुरुवारी दुपारी. कृतीचं नाव, कलाकाराचं नाव आणि कृती केव्हा झाली, महिना-साल, हे अर्जदाराने सर्वांसमोर सांगायचं. वेंडेलने विचारलं की केव्हा झाली हे वगळता येईल का. बाई म्हणाल्या, वगळता येत नाही. मग त्यांनी एक बारीक शंका काढली: माशी आधीची की नियम आधीचा? नियम झाला तेव्हा माशी आत असेल, तर ती गावाच्या वारशात धरावी लागेल, आणि मग ती काढण्याला त्यांचा व्यक्तिशः विरोध राहील. माशीच्या वयाबद्दल पशुवैद्याचं मत आणता येईल का, असंही त्यांनी सुचवलं.

वेंडेलला माशीची काळजी नव्हती. गावातल्या प्रत्येक सुनावणीला चर्चच्या महिला मंडळाची कॉफी असते, आणि कॉफीच्या भांड्यापाशी उभी असते मार्लीस. तिच्यासमोर, सगळ्या गावासमोर, त्याला सांगावं लागणार होतं की तुला पटलेली खूण ही खूण नव्हतीच. मधुचंद्राची शिडी पुन्हा मार्लीसच्या हातात येणार होती.

माणूस अशा वेळी शेजाऱ्याकडे जातो. शेजारी हार्लन टॉलेफ्सन हा बर्फ उडवायच्या यंत्राचे सुटे भाग पुसत गॅरेजमध्ये बसलेला होता. जूनमध्ये बर्फाचं यंत्र कशाला, असं तिथे कुणी विचारत नाही. पुरुषांना बायकांपासून दूर बसायला काहीतरी लागतंच. वेंडेल सरळ काही बोलला नाही. समजा एका माणसाला एक गोष्ट कळली, अशी त्याने सुरुवात केली. समजा ती बायकोला सांगितली तर तिला धक्का बसेल. हार्लनने फडकं खाली ठेवलं आणि विचारलं की पोटाचं आहे का. मग छातीचं का. वेंडेलला शेवटी आकड्याची सगळी हकिकत सांगावी लागली.

हार्लनने हात पुसले. मग उठला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, “चल खाली. कुणाला सांगू नकोस.”

तळघरात, मोठ्या फ्रीजच्या मागे, हात घालून त्याने एक नळकांडं काढलं. आतलं चित्र करकरीत होतं, नारिंगी रंग इतका ताजा की वेंडेलला स्वतःच्या भिंतीवरचं चित्र आजारी वाटलं. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं ४२/७५.

“बेचाळिसावा महिना असतो का कधी?” हार्लन म्हणाला. “आमच्या वाट्याला चुकलेलं आलं. म्हटलं, जाऊ दे.”

“मग परत का नाही केलंस?”

“उगाच त्यांना कशाला त्रास. एवढ्या लांबून तो शिल्पकार आलेला.”

“पन्नास वर्षं?”

“तशी जागा काही फार लागत नाही,” हार्लन म्हणाला.

उरलेली त्रेसष्ट चित्रं कुठे गेली, हे वेंडेलला त्या फ्रीजमागे कळलं. टॅमरॅक फॉल्समधली त्रेसष्ट कुटुंबं आपापल्या तळघरात आपापलं सदोष चित्र दडवून, कुणालाही त्रास होऊ नये म्हणून, अर्धं शतक गप्प बसली होती. दुसरीकडे कुठे असतं तर दुसऱ्याच दिवशी बँकेच्या दारात भांडण झालं असतं आणि संध्याकाळपर्यंत खरं काय ते बाहेर आलं असतं. सभ्यपणामुळे किती अज्ञान टिकून राहतं, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

हार्लनने कुणालाच सांगितलं नाही, फक्त आर्डिसला. आर्डिस त्याची बायको, आणि वारसा समितीची अध्यक्ष. तिनेही आपण होऊन कुणाला सांगितलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांनाच सांगितलं. फक्त लोकांना विचारता यावं म्हणून फोन तिने केले. मग वेंडेलला रस्त्यात माणसं भेटू लागली. पोस्टातून निवृत्त झालेला एक जण पेट्रोल भरता भरता जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला की आमच्याकडे अठ्ठावन्न आहे, ते बरोबर आहे म्हणे? बरोबर आहे असं कळल्यावर त्याचे डोळे भरून आले. एकीने सांगितलं की तिच्या नवऱ्याने एकोणतीस आकडा बघून ते चित्र उलटं करून त्यावर मासळीची मापं लिहिली होती. गावभर तळघरांतून नळकांडी वर येऊ लागली, सोफ्यांवरच्या भिंतींत खिळे ठोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागले. लेनोर बँगर्टने यंदापासून जानेवारीची मेजवानी बंद, असं जाहीर करून टाकलं, आणि इतकी वर्षं ती मेजवानी सोसलेल्या लोकांनी ही बातमी मोठ्या धीराने घेतली.

एका मार्लीसला तेवढं कुणी काही बोललं नाही. तिच्या तोंडावर कोण सांगणार? गावाने तिच्यासाठी दुसरी सोय केली. बटाट्याच्या गोळ्यांखाली खिमा आणि दाट सूप घालून भट्टीत भाजलेली हॉटडिश तिच्या दारात येऊ लागली. दार वाजायचं, झाकलेलं भांडं हातात यायचं, आणलेली बाई मार्लीसचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायची, आभाळ आज भरून आलंय असं म्हणायची आणि निघून जायची. आभाळ निरभ्र होतं.

सोमवारी मार्लीसने फ्रीज उघडून वेंडेलला स्वयंपाकघरात बोलावलं. फ्रीजमध्ये दुधाला जागा उरली नव्हती.

“वेंडेल,” ती म्हणाली, “आपल्याकडे इतक्या हॉटडिश मागे आल्या तेव्हा तुझी आई गेली होती.”

वेंडेल म्हणाला, लोक चांगले आहेत.

“लोक चांगले आहेत ते मला ठाऊक आहे. मला काही झालेलं नाही. म्हणजे तुला झालंय. हार्लन तुझ्याकडे बघून परवा रडला. तू पिक्सलीच्या दुकानातून आलास तेव्हापासून धड जेवला नाहीस. डॉक्टर काय म्हणाले ते मला आत्ता सांग.”

फ्रीजचा दिवा तिच्या चेहऱ्यावर पडला होता. ती ताठ उभी होती, पण भांड्यावरचं फडकं तिने मुठीत इतकं घट्ट पिळलं होतं की वेंडेलला आपण खरंच मरत असतो तर बरं झालं असतं असं वाटलं. निदान ती बातमी तरी सन्मानाची असती.

“मार्लीस,” तो म्हणाला, “जून जून नाहीये.”

मग त्याने सगळं सांगितलं. पिक्सली, तेरावी प्रत, हार्लनचा फ्रीज, गावची नळकांडी. सांगताना तो हातवारे करू लागला, तपासणीच्या अहवालात करतात तसं एकातून दुसरं काढून दाखवू लागला, आणि शेवटी सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा थांबला.

“म्हणजे तू मरत नाहीयेस,” मार्लीस म्हणाली.

“नाही.”

“नक्की?”

“डॉक्टरांनी गेल्या महिन्यातच पाहिलं. गुडघा सोडून सगळं ठीक आहे म्हणाले.”

मार्लीस खुर्चीवर बसली आणि फडक्यात तोंड घालून रडली. थोडा वेळ रडली, मग डोळे पुसले, फ्रीज बंद केला, गाडीची किल्ली घेतली आणि सँडविचेसची तयारी बघायला म्हणून चर्चमध्ये निघून गेली. चित्राबद्दल एक शब्द बोलली नाही. मंगळवारी बोलली नाही. बुधवारी मीठ दे म्हणाली, तेवढंच. मिनेसोटातल्या घरात नवरा-बायको बोलत नाहीत हे बाहेरच्याला कळायला महिने जातात, पण वेंडेलला कळत होतं. सोफ्यावरच्या रिकाम्या चौकोनाखाली बसून ती कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहायची आणि खोडायची, आणि तो आत आला की कागद उशीखाली सरकवायची. तो गोड गळ्याचा गृहस्थ आता फार्गोला फर्निचर विकतो, असं वेंडेलला कुणाकडून तरी कळलं होतं. फर्निचरच्या दुकानात शिडी लागत नाही, हा विचार त्याने मनातून काढायचा पुष्कळ प्रयत्न केला.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. माशी काढण्याच्या प्रश्नाला गावात एवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. पुष्कळांनी आपापली नळकांडी बगलेत मारून आणली होती, न जाणो, कुणी विचारलं तर. चित्र पुढे टेकवून ठेवलं होतं, माशीसकट. वरच्या टेबलावर आर्डिस अध्यक्षस्थानी बसली होती आणि वेंडेलची नजर चुकवत होती. मागे, कॉफीच्या भांड्यापाशी, मार्लीस.

आर्डिसने कृतीचं नाव विचारलं. वेंडेलने ‘अंतराल, क्रमांक चार’ सांगितलं. दोन-तीन माणसांना ते नाव पहिल्यांदाच कळलं. कलाकाराचं नाव विचारलं, तेही त्याने सांगितलं. मग आर्डिसने घसा साफ केला आणि जमिनीकडे बघत विचारलं की कृती केव्हा झाली.

वेंडेलने उत्तर तयार करून आणलं होतं. काळाच्या ओघात नेमकं सांगणं कठीण, अशा तऱ्हेचं. पण कॉफीच्या भांड्याकडे नजर गेली आणि ते उत्तर त्याला हातोडीच्या खळग्यासारखं दिसलं.

“पंच्याहत्तर साली,” तो म्हणाला. “महिना माहीत नाही. खाली सहा लिहिलंय, तो महिना नाही, प्रतीचा क्रमांक आहे. आम्ही जून समजत होतो. आमची चूक. माझी.”

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. कुणाचं तरी नळकांडं जमिनीवर पडून घरंगळत गेलं आणि ते उचलायला कुणी उठलं नाही.

“आर्डिस,” मागून आवाज आला, “मला बोलायचंय.”

आर्डिस म्हणाली की नियमाप्रमाणे फक्त अर्जदारालाच बोलता येतं.

“भिंत माझी आहे,” मार्लीस म्हणाली, आणि हात पुसत पुढे आली. “गेली पन्नास वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की याने पिंपात हात घातला आणि आमच्या लग्नाचा महिना काढला. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. काहींनी पुष्कळ वेळा ऐकलंय, त्यांची मी माफी मागते. पण बारा महिने, त्यातला एक आला. त्यात तसं फार काही नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. चर्चच्या सोडतीत हार्लनला दर वर्षी हॅम लागतो, त्याला आपण दैव म्हणत नाही.”

हार्लनने मान खाली घातली.

“सोमवारपासून मी हिशेब करतेय. मला आकडे जमत नाहीत, म्हणून वेळ लागला. त्या पिंपात बारा महिने नव्हतेच. पंच्याहत्तर नळकांडी होती, पंच्याहत्तर निरनिराळे आकडे. आमचा महिना वाटेल असा आकडा त्यात फक्त एका चित्रावर होता. एकाच. दुसरा कुठलाही आला असता तर मी ते फ्रीजच्या मागे ठेवलं असतं आणि गप्प बसले असते, आणि तेव्हा माझ्या मनात काय काय होतं ते मी इथे सांगणार नाही. या माणसाने त्यातून तेच एक उचललं. न बघता.” ती वेंडेलकडे वळली. “तू विम्यातला माणूस. हा हिशेब तू माझ्याआधी करायला हवा होतास.”

आर्डिसने नाक पुसलं आणि विचारलं की मग मी लिहू काय.

“जून लिही,” मार्लीस म्हणाली.

समितीने एकमताने जून मंजूर केला. लगेच लेनोर बँगर्टने हात वर करून मग आमच्या जानेवारीचं काय असं विचारलं, पाद्रीबाबा डिसेंबरसाठी उठून उभे राहिले, आणि या गडबडीत माशीचा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.

वेंडेल तसाच उभा होता. पन्नास वर्षांनंतर बायकोने चारचौघांत असं काही बोलल्यावर नवऱ्याने साजेसं काहीतरी बोलावं, एवढं त्याला कळत होतं. मनातल्या मनात त्याने भागाकार करून पाहिला होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

“पंच्याहत्तरात एक,” तो शेवटी म्हणाला. “म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही, मार्लीस. एवढ्याशा भरवशावर आमच्या कंपनीने कुणाचीही जबाबदारी घेतली नसती.”

“मी घेतली,” मार्लीस म्हणाली, आणि कॉफी ओतायला मागे गेली.